एका ओळीतले दात

बाईंनी दात चिमट्यात धरून दिव्याखाली उलटा केला आणि भिंग डोळ्याशी नेलं. समोरची पाहुणी खुर्चीच्या काठावर येऊन बसली होती. ती दातांची डॉक्टर होती, पण आज तिचा चेहरा तिच्याच दवाखान्यात बाहेर बाकावर बसलेल्या माणसासारखा झाला होता.

"कीड वगैरे काही?" तिने विचारलं.

"शार्कच्या दाताला कीड लागायला वेळच मिळत नाही. त्याआधी तो पडतो आणि मागचा पुढे येतो. जन्मभर तेच चालतं."

"म्हणजे आमचं दुकान बंद."

टेबलाच्या टोकाला चहा घेत बसलेला दादा मोठ्यांदा हसला. दादा म्हणजे बाईंचा थोरला भाऊ. सदुसष्ट वर्षांचा, नळदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेला, गुडघ्याने ठणठणीत आणि डोळ्याने अधू. मोतीबिंदू पिकत आला होता, पण चष्म्याचं नाव काढलं की तो दुसराच विषय काढायचा. रविवारी सकाळी समुद्राच्या कड्याखाली लोकांना दात शोधायला घेऊन जाण्याचं काम बाईंनीच त्याला लावून दिलं होतं. फेरीला येणारी माणसं त्याला शार्कदादा म्हणत, आणि हे ऐकताना तो कान टवकारतो हे सगळ्या संग्रहालयाला ठाऊक होतं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संग्रहालयाच्या पुढच्या दालनात हे टेबल लागायचं. लोक आपापली सापडलेली वस्तू आणत. औषधाच्या बाटलीत, काडेपेटीत, एकाने तर मोज्यात बांधून आणली होती. बाई बघून सांगत. चारातल्या तीन वस्तू साधे दगड निघत आणि माणसं हिरमुसून जात. तीस वर्षांत बाईंनी कित्येकांच्या डायनोसॉरचे गारगोटे करून टाकले होते. पण जे निघत ते बहुतेक शार्कचे दात असत, लाखो वर्षं निळसर मातीत राहून काळे-करडे झालेले. मग बाई त्या दाताचं दुप्पट आकाराचं चित्र पेन्सिलीने वहीत काढत, माणसाला लेबल लिहून देत आणि दात त्याचा त्याला परत करत.

हा दात अरुंद होता, उंच, टोकाशी किंचित आत वळलेला, कडा गुळगुळीत.

"हा दादाचा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे या जातीला त्याचं नाव आहे. पहिला दात त्याला सापडला. मोठ्या प्राध्यापकांनी जातीला आमच्या घरचं आडनाव दिलं."

"खरंच? आणि काल तुम्ही सांगितलंसुद्धा नाही," डॉक्टर दादाकडे वळून म्हणाली.

"आपलं आपण काय सांगायचं," दादा म्हणाला. तो दर रविवारी सांगायचा. काल एक दिवसाची जादा फेरी होती, तेवढी राहिली असेल.

त्या नावाची एक अडचण होती, आणि ती बाईंनीच उभी केली होती. त्याच कड्यात रुंद, करवतीसारख्या कडांचेही दात मिळत. त्यांना शंभर वर्षांपूर्वीचं जुनं नाव होतं. बाईंचं म्हणणं असं की रुंद दात वरच्या जबड्याचे, अरुंद दात खालच्या, आणि मासा एकच. तसं ठरलं तर नियमाप्रमाणे जुनं नाव राहणार आणि नवं खोडलं जाणार. नवं म्हणजे दादाचं. बाईंनी हे पहिल्यांदा परिषदेत मांडलं तेव्हा मोठे प्राध्यापक मिशीत हसले होते. "दोन्ही दात एकाच ठिकाणी, ओळीने पडलेले मिळाले तर या. तोवर जमलं तर चहा घेऊ." त्यानंतर बाईंनी अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली. निवृत्तीला आता एक वर्ष उरलं होतं. दादाला त्यांनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं आणि दादा म्हणाला होता, "खरं ते खरं. माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय?" पुरावा येईपर्यंत मात्र बाई लेबलावर छापलेलंच नाव लिहीत. तो त्यांचा शिरस्ता होता.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाली. "आतल्या बाजूला ही बारीक चीर आहे बघा, तिरपी. ही घासल्याची नाही. आमच्याकडे लहान मूल तोंडावर पडलं, की हिरडीच्या आत तयार होत असलेल्या दाताला मार बसतो. मग तो दात असाच रेघ घेऊन वर येतो."

बाईंनी भिंग पुन्हा लावलं. चीर होती. केसाएवढी, टोकापासून मुळाकडे डावीकडे उतरलेली.

"शार्कला हिरडीत काटा वगैरे घुसला तर होतं असं," त्या म्हणाल्या. "मग त्या जागी मागून येणारा प्रत्येक दात तीच खूण घेऊन येतो. दुसऱ्या कुठल्याही माशात तशी खूण मिळायची नाही."

हे बोलता बोलता त्यांनी वही ओढली आणि चित्र काढायला घेतलं. बाह्यरेषा झाली, मूळ झालं, चीर काढताना त्यांचा हात थांबला. ही रेघ आपण अलीकडेच काढली आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी चार पानं मागे उलटली. बसचालकाने आणलेला दात. अरुंद, आत वळलेला, आणि डावीकडे उतरणारी बारीक रेघ. आणखी मागे शाळेतल्या कारकुनाचा दात होता. तीच रेघ. दोन्ही वेळा पेन्सिलीने निमूट काढलं होतं आणि डोक्याने पाहिलंच नव्हतं.

तीन माणसं, तीन महिने, आणि एकाच माशाच्या एकाच ओळीतले दात. तिन्हींच्या कडा कोऱ्या होत्या. लाटांत घोळलेला दात असा राहत नाही.

"तुम्हाला हा नेमका कुठे मिळाला?" बाईंनी विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"कड्याखाली, मोठ्या खडकाच्या कुशीत. मी तर पुढेच चालले होते. दादांनी काठी टेकली आणि म्हणाले, इथे बघा जरा निरखून."

बाईंनी दादाकडे पाहिलं. तो कपातला तळाचा चहा फिरवत होता. बसचालकही हेच म्हणाला होता, दादांच्या काठीपाशीच मिळाला म्हणून. तेव्हा बाईंना भावाचं कौतुक वाटलं होतं.

त्यांनी लेबल लिहून दिलं. जातीचं नाव लिहिताना घरचं आडनाव नेहमीच्याच वळणाने उमटलं. डॉक्टरने दोनदा आभार मानले आणि लेबल पर्समध्ये जपून ठेवलं. वर्षभरात असली किती लेबलं आपण लिहिली ते बाई रात्री वहीतून मोजणार होत्या, पण त्यांना धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी फेरी नऊला होती. बाई साडेसातलाच कड्यावर पोचल्या. वर्षभरात त्या इथे आल्या नव्हत्या. खाली जायच्या पायऱ्या वाहून गेल्यात, तुझ्या गुडघ्यांनी तू येऊ नकोस, हवं ते मी आणून देतो, असं दादाने सांगितलं होतं आणि त्यांना त्याची माया वाटली होती. पायऱ्या जागच्या जागी होत्या. कठडा नव्या पाइपाचा होता, सांधे नीट बसवलेले, वर हिरवा रंग. ते काम कुणाचं हे ओळखायला बाईंना भिंग लागलं नाही.

खाली ओहोटी होती. दादा मोठ्या खडकापाशी वाकला होता. त्याने पत्र्याच्या डबीतून काहीतरी काढलं, गोट्यांच्या फटीत ठेवलं, अंगठ्याने दाबलं आणि ओंजळीने वर पाणी मारलं. मग भिंतीवर फ्रेम लावल्यावर माणूस मागे सरकून बघतो तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"वाट चांगली आहे की," बाई म्हणाल्या.

दादा दचकला. डबी त्याने खिशात टाकली नाही, तशीच हातात धरून राहिला.

"तू कशाला आलीस एवढ्या पायऱ्या उतरून?"

"कधी सापडले?"

"काय?"

"दादा, माझ्यापुढे नको."

तो खडकावर बसला. बसताना वय एकदम त्याच्या अंगावर आलं.

"गेल्या वर्षी. हा पलीकडचा कडा ढासळला ना, तेव्हा."

"किती?"

"चाळीसला एक कमी."

"रुंद आणि अरुंद, दोन्ही?"

दादा पाण्याकडे बघत राहिला. "एका ढेकळात होते. ओळीने. वर रुंद, खाली अरुंद. तू चित्र काढतेस ना, अगदी तसे."

आपण बरोबर होतो याचा आनंद बाईंना आधी झाला. तो क्षणभरच टिकला आणि मग बाकीचं सगळं त्याच्यावर येऊन कोसळलं. दादाच्या शेजारी बसायचं नव्हतं म्हणून त्या उभ्याच राहिल्या.

"फोटो काढलास?"

"नाही."

"उचलायच्या आधी फोटो काढल्याशिवाय तू शिंपलासुद्धा उचलत नाहीस."

"एवढ्या एका वेळेला नाही काढला."

"माती? मुळांना माती असेल ना राहिलेली?"

"धुतले." त्याने डबीचं झाकण दाबलं. "दोन दात चिकटलेले होते, एक रुंद, एक अरुंद. ते पण सोडवले. दात घासायच्या ब्रशने."

बाईंच्या टेबलावर पहिली सूचनाच अशी होती की सापडलेला दात धुवू नका. पाटी दादानेच रंगवून दिली होती.

"का?"

"तुला ठाऊक आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायचंय."

"चिमे, तुझ्या नावाच्या पुढेमागे अक्षरं आहेत. दारावर पाटी आहे. मी चाळीस वर्षं लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केल्या. कुणाला माझं नाव आठवत नाही, नळवाला म्हणून हाक मारायचे. हे एक नाव मिळालं होतं. बाबांचंही आहे ते, नुसतं माझंच नाही."

"खरं ते खरं, असं तूच म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तेव्हा ते सापडले नव्हते."

हे उत्तर खरं होतं, हाच त्यातला त्रास होता.

"मग लपवून ठेवायचेस. असे उधळलेस कशाला?"

"घरात ठेवले असते तर तू काढलेच असतेस शोधून. माझ्या घरातलं तुला काय माहीत नाही? समुद्रात टाकायला गेलो होतो एकदा. हात होईना. इतके देखणे दात, चिमे. म्हटलं, कुणाला तरी मिळू देत. लोक रिकाम्या हाताने घरी जात होते. त्यांची तोंडं तू बघितली नाहीस."

"आणि ते घेऊन माझ्याकडे आले. मी प्रत्येकाला तुझं नाव लिहून दिलं. स्वतःच्या हाताने. आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास."

दादाने मान खाली घातली. बाईंना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. जगात एकाच माणसाने सांगितलेलं त्यांनी कधी पडताळून पाहिलं नव्हतं, तो हा होता.

"मी लिहून देतो," दादा म्हणाला. "कुठे होते, कसे होते, किती उंचीवर, सगळं. सही करतो. तू तुझा लेख लिही. जाऊ दे नाव."

"वर्षभर दात पेरणाऱ्या माणसाच्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"तू आहेस की."

त्याने हे अगदी सहज म्हटलं. वरून पायऱ्यांवर बोलण्याचे, हसण्याचे आवाज आले. कुणीतरी "शार्कदादा" अशी हाक मारली. दादा उठला, पँटला हात पुसले, आणि पाहता पाहता त्याचा रविवारचा चेहरा जागेवर बसला. बाई कठड्याला धरून वर निघाल्या. वरच्या पायरीवर दम घ्यायला थांबल्या तेव्हा खाली फेरीतली एक तरुणी आनंदाने दोन्ही हात उंचावून काहीतरी दाखवत होती.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. बाई मागच्या दाराने आत गेल्या आणि दादाने इतकी वर्षं आणून दिलेल्या दातांच्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसल्या. चोवीस ड्रॉवर, चौदाशेच्या वर दात. प्रत्येकाखाली दादाच्या गोल, सावकाश अक्षरातलं लेबल. तारीख, कड्याचा भाग, वाळूपासूनची उंची. दात कुठला हे माहीत असेल तरच त्याला काही किंमत, नाहीतर तो टोकदार दगड. बाईंनी आजवर जे काही छापलं ते या अक्षरावर उभं होतं.

चौथ्या ड्रॉवरमध्ये त्यांना अडखळायला झालं. इथले सहा दात सापडायच्या आधीच त्यांनी कागदावर सांगितलेले होते. अमक्या थरात अमका दात मिळायला हवा असं त्यांनी जेवताना म्हणावं आणि महिन्या-दोन महिन्यांत दादाने तो आणून हातावर ठेवावा. परिषदेत याच दातांवर टाळ्या पडल्या होत्या. तेव्हा त्यांना वाटलं होतं की आपल्याला कडा कळायला लागला.

ते दात खरंच त्या थरातले होते की नुसते त्यांच्या म्हणण्याला जुळवलेले, हे आता त्यांना सांगता येईना. त्यांनी तो ड्रॉवर लोटला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मऊ शिशाची पेन्सिल घेतली. लेबल उचलायचं, ठिकाणाच्या नावापुढे छोटं प्रश्नचिन्ह करायचं, परत ठेवायचं. हात सफाईदार चालत होता. वरच्या ओळीतला पहिला दात त्यांनी वगळला होता.

अकराच्या सुमाराला दादा आला. मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडे पहिल्यापासून होती. त्याने एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेला, तेच गोल अक्षर, खाली सही.

"काही राहिलं असेल तर सांग," तो म्हणाला.

बाईंनी कागद उघडला नाही. त्या पुढचं लेबल घेत होत्या. दादा जवळ आला आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून, डोळे बारीक करून बघू लागला. त्यांनी काय चालवलंय हे दिसायला त्याला वेळ लागला.

"हा खरा आहे, चिमे. हा मी भर पावसात काढलाय."

"असेल."

"आणि हा पण. आईशप्पथ."

"असेल ना." त्यांनी प्रश्नचिन्ह केलं.

दादाचा हात पुढे आला आणि वरच्या ओळीतल्या पहिल्या दातावर थांबला. एवढासा, टोक तुटलेला दात होता. संग्रहातला क्रमांक एक. लेबलाचा कागद पिवळा पडला होता. अक्षर दादाचंच होतं, पण सतरा वर्षांच्या मुलाचं, अजून न बसलेलं.

"हा तेवढा सोड," तो म्हणाला. "हा माझा नाही. हा तुला मिळालेला. नऊ वर्षांची होतीस."

"म्हणून वेगळा ठेवला होता." बाईंनी दात तळहातावर घेतला. या एका दातापायी त्यांनी पुढचं सगळं आयुष्य या कामाला वाहिलं होतं. "मला मिळाला. पण खाली बघ असं मला कुणी सांगितलं होतं?"

दादाने खुर्ची ओढली आणि तो बसला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि कपाटातल्या काचा थोड्या हलल्या.

"मावशीच्या सगळ्या पोरांना मिळाला होता," तो शेवटी म्हणाला. "तुलाच नव्हता मिळाला. रडत होतीस तू. मला बघवेना."

बाईंनी दात जागेवर ठेवला, पिवळं लेबल उचललं, आणि ठिकाणाच्या नावावर एक सरळ रेघ मारली.